दोन शिडांमधली गाठ

सोनई, मंगळवार, माघ १९७२

चार दिवस वही उघडली नाही, चुकलंच. जिवाला चैन नाही. धाकटा भाऊ गणपत धरणातल्या नावेला चिनी पद्धतीची, बांबूपट्ट्यांची दोन शिडं लावतोय. दोन्हींवर मिळून वाऱ्याचा जोर कुठं पडतो, ते काढायला मी शिडांच्या आकाराचे पुठ्ठे कापून, टांगून एकेकाचा मध्य शोधला. त्या दोन मध्यांमध्ये सुतळी धरून बरोबर मधोमध गाठ मारली नि त्याला धाडली. तिच्यावरून तो डोलकाठ्यांची भोकं पाडणार.

आज बायको म्हणाली, "आवो, एक शीड दुप्पट हाय ना? कावडीत एक हंडा जड असला, तर खांदा मधोमध देत व्हता व्हय?"

गाठ मोठ्या शिडाकडं हवी होती! जन्मभर कावड वाहिली मी. त्या गाठीवरून भोकं पाडली, तर नाव सुकाणूला जुमानणार नाही, आणि तो पोरंबाळं घेऊन बसणार. एस.टी.च्या ड्रायव्हरकडं चिठ्ठी दिलीय. गणपत, भोकं पाडलीस का रे? लवकर कळव.