अस्वलाच्या स्वर्गावर हरकत

रहिमतपूर, रविवार

श्री. दादासो यांस तासगाव मुक्कामी नानासोचा रामराम. तुम्ही बेदाण्याच्या शेडवर असाल, गुडघा धरला असेल आणि तरी डॉक्टरकडे गेला नसाल, हे गृहीत धरून पुढं लिहितो. आमची तब्येत बरी. तुमची ताई, आमची मंडळी, गेल्यापासून जेवण वेळेवर होत नाही, पण होतं.

पत्राचं कारण गंभीर आहे. माझी नात, आपल्या वीरधवलची अंकिता, पाचगणीच्या शाळेतून सुट्टीला आली, ती एक इंग्रजी गोष्टीचं पुस्तक घेऊन. (नाव लिहीत नाही, उगाच खप वाढायचा.) बोलणारे प्राणी, उडती होडी, इथवर माझी हरकत नाही. पण पान १८१ वर एक म्हातारं अस्वल लढाईत पडतं आणि चक्क उठतं! टेकडीच्या पलीकडे, सकाळच्या उन्हात. जखम नाही, दमा नाही, समोर फाटक, आणि आधी गेलेले सगळे त्याला नावानं हाका मारतायत. मी तिथंच ओळखलं. पलटणीत आमच्या एका ख्रिस्ती नाईकाला माती दिली तेव्हा पाद्री हेच बोलले होते. तेव्हा मी टोपी काढून उभा राहिलो, ती गोष्ट वेगळी. पण तेच अस्वलाच्या कातड्यात घालून सहावीतल्या पोरीला द्यायचं? चौऱ्याऐंशी लक्ष योनी एका पानात रद्द! आपल्याकडे मेल्यावर पुन्हा भरती, पुन्हा रंगरूट, पुन्हा परेड. यांच्याकडे थेट पेन्शन, तीही सहकुटुंब.

अंकिता म्हणाली, "मग आजीपण तिथं थांबली असेल." मी तिला समजावलं, की आजी पुण्यवान होती, एव्हाना चांगल्या घरात जन्मून रांगत असेल. त्यावर कार्टी विचारते, "मग तुम्ही गेल्यावर ती तुम्हाला ओळखणार कशी?" मी वीज नसताना पाण्याची मोटार चालू करायला मळ्यात निघून गेलो.

मग समिती स्थापन केली. (सभासद चार, त्यात मी दोन पदांवर.) पुस्तकाविरुद्ध ठराव करायचा तर आक्षेपार्ह मजकूर लोकांना कळायला हवा, म्हणून काल सकाळी मारुतीच्या देवळापुढं मी तो मराठी करून वाचला. फाटकापाशी आलो तर आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आलेली हरणाबाई उठून म्हणाली, "आवं सुभेदार, तितं मेंढरास्नी आत घेत्यात का न्हाई?" मी म्हटलं, हा विषय नाही. ती म्हणाली, "मग दुसरा कंचा हाय?" आमचे अध्यक्ष ज्योतिबा टॉवेलनं डोळे पुसत म्हणाले, "बंदी घालू की. पर आदी पुस्तक संपवा. आर्दं ऐकून बंदी कशी घालायची गड्या?" आज सकाळी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. चाळीस माणसं होती. आमच्या ग्रामसभेला एवढी कधी येत नाहीत.

ठरावाची प्रत सोबत आहे. तासगावकरांच्या सह्या घेऊन थेट शाळेकडे पाठवा. धर्म बुडता कामा नये.

आपला,
नानासो (सुभेदार, निवृत्त)

ता.क. सह्यांची घाई करू नका. या पुस्तकाचा दुसरा भाग सांगलीत मिळतो म्हणे, तो तेवढा आणून एस.टी.नं पाठवा. शेवट मी काल रात्री एकट्यानंच वाचून काढला. अस्वल फाटकाशी आपल्या बायकोला हाक मारतं, आतून पावलं वाजतात, आणि तिथंच भाग संपवलाय. ही काय रीत झाली?

आणखी ता.क. ज्याचं जिथं जायचं राहिलं असेल तिथं त्याला आधी नेतात, असं पान १८८ वर आहे. तसं असेल तर ताई मला फाटकाशी भेटणार नाही. "ऊस कारखान्याला जाऊ दे, मग माहेरी जा," असं ती गेली त्या वर्षी मी तिला दोनदा म्हणालो. ऊस गेला, आणि तिचं तासगावला जायचं राहून गेलं. हे तुम्हाला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. मी गेलो की आधी तासगावलाच येईन. तिनं दार उघडलं नाही तर पायरीवर बसून राहीन.