दुपारचा तलाव

९ ऑक्टोबर

आज पुन्हा पंखा बंद! इतिहासात नोंद राहावी म्हणून लिहून ठेवते. सितारा केबलच्या स्टुडिओत – म्हणजे आमच्या जुन्या कोठीच्या खोलीत, जिथं तांदळाची पोती सरकवून निळा पडदा ठोकलाय – एकच पंखा आहे. आणि मी बातम्या वाचायला बसले की तो बंद होतो. माइकमध्ये घरघर येते म्हणे! सिंदेवाहीचा ऑक्टोबर, तोंडावर दोन दिवे, आणि मी हसतमुखानं सांगतेय की भात संशोधन केंद्रात मेळावा उत्साहात पार पडला. सत्यासाठी लोकांनी जगात पुष्कळ सोसलंय. पण घाम पुसायची मुभा असेल त्यांना.

सादिकभाईला सांगितलं. माझा थोरला भाऊ. चॅनलचा मालक, कॅमेरावाला आणि वायरमनही तोच. म्हणाला, "पंखा पायजे तं बातम्या छोट्या कर."

छोट्या केल्या. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

१० ऑक्टोबर

अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. भाईनं त्याच्या छपरावर टीव्हीच्या डिशची पहिली छत्री बसवली तेव्हा नवरदेव पाहावा तसं गाव पाहायला आलं होतं. मग रात्रीचे सिनेमे. मग लग्नाच्या कॅसेटी – कुणाच्या पंगतीत कोण किती जेवलं, हे न बोलावलेल्यांनीही घरबसल्या मोजलं. आता ज्याच्या त्याच्या छपरावर छत्री, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. आमच्या वाट्याला उरलं ते आमचं चॅनल. सकाळी भजनं आणि कव्वाल्या, संध्याकाळी मी. आणि दुपारभर तलाव.

हो, तलाव. वांदरं केबलला लोंबकळतात म्हणून भाईनं गच्चीवर कॅमेरा लावला. वांदर सापडलं नाही, सापडलं असतं तरी ठाण्यात थोडंच देणार होतो? एका दुपारी दाखवायला काहीच नव्हतं, तेव्हा त्यानं तेच चित्र सोडून दिलं. ते आजतागायत चालू आहे. पाणी, घाटाच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांपासून हाकेवर मासे धरणाऱ्या डोमा ढिवराचा डोंगा, म्हणजे छोटी होडी. रोज तीच जागा, सरकारी नोकरीत असल्यासारखी.

१२ ऑक्टोबर

नागपूरहून एक माणूस आला होता. शर्टाला इस्त्री, बोलण्याला त्याहून कडक. दुपारचा सगळा वेळ त्याला हवाय – कुकर, केसांचं तेल, गुडघ्याचा पट्टा विकायला. भाई खूश. मीही. पैसे आले तर आवाज न करणारा पंखा येईल.

संध्याकाळी बातम्यांत तलावाला निरोपही देऊन टाकला: "आज तलावात पाणी होतं. डोमाभाऊ डोंग्यात होते. मासे इतरत्र होते. लवकरच या जागी आपण कुकर पाहाल." भाई कॅमेऱ्यामागं हसला. चित्र हललं.

१३ ऑक्टोबर

सकाळी मैनाबाई आली. डोमाची बायको. गुडघा सुजलेला, भिंत धरत धरत आली आणि टेबलावर स्टीलचा डबा ठेवला. झिंगे-वांगे. मी ओळखलं, ही लाच आहे. मी म्हटलं, कालचं मनावर घेऊ नका, गंमत होती. तिला गमतीशी काही घेणं नव्हतं.

"बाई, तलाव बंद होऊन राह्यला म्हंते. खरं हाय?"

खरं आहे, म्हटलं. मग तिनं सांगितलं. डोमाला चक्कर येते. मागच्या थंडीत डोंग्यातच पडला होता, शेजारच्या लटारूनं काढला म्हणून वाचला. डॉक्टर म्हणाला पाण्यात जाऊ नको, तो दुसऱ्याच दिवशी पुन्हा डोंगा घेऊन गेला. पोरगा मिथुन घुग्घुसच्या खाणीवर. हिला घाटापर्यंत चालवत नाही. म्हणून ही दुपारभर टीव्हीसमोर बसून तांदूळ निवडते आणि डोंगा पाहते. डोंग्यात माणूस उभा दिसला की ठीक. दिसला नाही की लटारूला फोन.

"मिथुनच्या बाबाले मी काई बोललो नाई. त्याले वाटते मी सिरियल पाहतो."

पाहते, म्हणाले मी. एवढंच म्हणाले. ती भिंत धरत गेली.

१४ ऑक्टोबर

झिंगे-वांगे फर्मास. झिंगे मात्र एवढेएवढे, वांग्यातून शोधावे लागले. डबा घासून ठेवलाय. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, आणि त्यात घालायला माझ्याकडे काही नाही.

१५ ऑक्टोबर

भाईशी भांडले. तो म्हणाला, एका माणसासाठी अख्ख्या गावाला पाणी दाखवत बसू का? चॅनल हाय का धर्मशाळा? मी म्हटलं, तो माणूस बुडाला तर बातमी मलाच वाचायची आहे – पंखा बंद करून.

त्यानं कॅमेऱ्याची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, उद्या एक दिवस कुकर लावून पाहू. गावाला काय पाहिजे ते गावच सांगेल.

लटारूला उद्याची दुपार घाटावरच बसायला सांगून ठेवलंय.

१६ ऑक्टोबर

गाव बोललं!

कुकर सुरू झाला आणि फोन वाजायला लागला. एका गुरुजींना तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, शाळेतली कोणती पोरं पळतात ते पाहायचं असतं. एका सासूला सून पाणवठ्यावर कुणाशी बोलते ते. एक म्हातारे म्हणाले, मी काही पाहत नाही, पण ते चालू असलं की झोप लागते. दोघांनी कनेक्शन तोडायची धमकी दिली. भाई फोन घेऊन घेऊन घामाघूम. पंखा चालू होता तरी!

रात्री जेवताना म्हणाला, "नाहीद, तुही तब्येत बिघडली होती तवा आठवडाभर बातम्या बंद होत्या. एक फोन नाई आला."

भाऊ असा असावा.

१७ ऑक्टोबर

ठरलं. नागपूरवाल्याला सकाळ, दुपार तलावाची. कव्वाल्या आणि भजनं दोन्ही कापली – समान न्याय. नव्या पंख्याचं पुढं बघू. मैनाबाईला निरोप गेला. मन कसं निवांत आहे. हे मी केलं, आणि तेही पाण्यासाठी! कुणाला सांगायचं नाही.

२१ ऑक्टोबर

डोमाभाऊ केबलच्या कामानं आले होते. सवयीनं छेडलं – भाऊ, जागा बदला की, तिथं मासे नाहीत हे सिंदेवाहीला टीव्हीवर दिसतं.

"मले मालूम हाय, बाई. मासोळी तिकडं हाय, कमळाच्या वेलात. पाणी बी कमरेएवढंच. पन तिकडं गेलो तं टीव्हीत दिसत नाई. मंग घरी मिथुनची माय घाबरते." जाताना म्हणाले, "तिले सांगजो नोको. तिले वाटते मले मालूम नाई."

ते गेल्यावर गच्चीवर चढले. स्क्रू ढिला केला, कॅमेरा उजवीकडे फिरवला. घाट गेला, कमळं आली. मैनाबाईचा डबा भाईच्या हाती डोमाभाऊंकडे दिला, आत एक चिठ्ठी: आता वेलाजवळ डोंगा टीव्हीत दिसतो.