उलटा छापला तरी छत्तीस

अकोला,
१२ डिसेंबर १९६३

आदरणीय भाऊजी खुशालराव यांस,

तुमच्या धाकट्या साळ्याचा, म्हणजे देवमनचा, सप्रेम जयभीम.

आधी कबूल करतो की हे पत्र लिहायचं मी टाळून राहिलो होतो. पहिलं आंतरदेशीय पत्र तिवशाच्या स्टँडवर घेतलं, पण त्याच्यावर एका रेड्याचं चित्र काढून बसलो (रेडा इतका निवांत बसला होता की न काढणं बरं दिसलं नसतं). दुसऱ्यावर 'आदरणीय भाऊजी' एवढं लिहिलं आणि तेवढ्यानंच घाम फुटला. हा तिसरा कागद छापखान्यातली रद्दी आहे. त्याची मागची बाजू पाहू नका, निदान पत्र संपेपर्यंत तरी. तुमचा गुडघा कसा आहे? परतवाड्याला थंडी पडली असेल. मैनाताई अजून पहाटे उठून चूल पेटवते का? रेंजरसाहेबांची मुलगी मासिकं वाचते का? (हे सहज विचारलं.)

मी खुशाल आहे, म्हणजे जेवतो, झोप मात्र लागत नाही. इथं उत्तमराव म्हणून छापखानेवाले आहेत. ते लग्नपत्रिका छापतात आणि हौसेखातर मुलांसाठी 'बालबोंड' नावाचं मासिक काढतात. इथल्या एका कापसाच्या जिनात यंत्र बसवायला जपानी इंजिनिअर आला होता. जाताना त्यानं उत्तमरावांच्या हाती एक चित्रांचं पुस्तक दिलं आणि त्याच्यावर बोट ठेवून म्हणाला, 'मांगा'. उत्तमरावांना वाटलं, हा परत मांगून राहिला. त्यांनी परत दिलं. त्यानं कमरेत वाकून पुन्हा पुढं केलं, पुन्हा 'मांगा'. यांनी पुन्हा परत दिलं. चहा थंड होईपर्यंत हे चाललं. शेवटी जिनाचे मुनीम म्हणाले, "अहो, तो काही मांगत नाही. चित्राच्या गोष्टीले त्यायच्याकडे तसंच म्हणतात." तेव्हा कुठं पुस्तक छापखान्यात आलं.

भाऊजी, काय ते पुस्तक! आपण पुस्तक जिथं संपवतो त्या शेवटच्या पानावरून ते सुरू होतं. त्यातल्या माणसांची तोंडं अंगठ्याखाली झाकली तरी नुसत्या कपड्यांवरून कळतं, हा शिपाई, हा शाळकरी, हा स्टेशनमास्तर. उत्तमरावांनी ठरवलं की आपणही अशीच गोष्ट काढायची. तोंडं काढायला ड्रॉइंग मास्तर नत्थुजी आणि कपडे काढायला मी (माझ्या माणसांना तोंड येत नाही, पण बटणं जिवंत येतात असं नत्थुजी म्हणतात). मी राजाचा अंगरखा काढला, बँडवाल्याचा कोट काढला. पोस्टमनची थैली नीट पाहायला म्हणून त्याच्या मागं निघालो तो दर्यापूरला पोचलो, तिथं बैलांचा बाजार भरला होता, तो पाहण्यात दोन दिवस गेले. असो.

मग उत्तमरावांनी गोष्ट दिली, 'झोपाळू नाकेदार'. सागाखाली जंगल राखणारा नाकेदार घोरतो आणि वानरं त्याची टोपी नि शिट्टी पळवतात. आता मला नाकेदार एकच माहीत. त्याचा खाकी कोट मला डोळे मिटून काढता येतो. शिट्टीची दोरी, खिशाची एक बाजूला झुकलेली झडप, मैनाताईनं डाव्या कोपराला लावलेलं तिकोनी ठिगळ, आणि पट्ट्यावरचा पितळी बिल्ला, नंबर ३६. हात चालत गेला, भाऊजी. डोकं मागून आलं, ते चित्र छपाईचा ठसा करायला अमरावतीला गेल्यावर.

मी धावत अमरावतीला गेलो. ठसेवाला म्हणाला, "आकडा खरडून टाकतो, हाय काय अन् नाय काय." त्यानं खरवडणी उचलली सुद्धा. माझ्या तोंडून 'नाही' निघून गेलं. तुमच्या वडिलांनी गावकीची काठी घेऊन जन्म काढला, दारोदारी आवाज दिला, आणि त्यांच्या पोराच्या कमरेला सरकारी पितळ आलं. मैनाताई ते चिंचेनं घासते. ते मी कसं खरडू देऊ? मी म्हटलं, खरडू नका, सगळं चित्रच आरशातल्यासारखं उलटं करा, म्हणजे नंबर कोणाला वाचता येणार नाही. स्वतःच्या हुशारीवर इतका खूष झालो की वाटेत बडनेऱ्याला भजी खाल्ली.

अंक छापून आला. शिट्टीची दोरी या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली, ठिगळ उजव्या कोपरावर गेलं. आणि बिल्ल्यावर ठळक ३६! कागदावर ३ काढून आरशात पाहा, ६ दिसतो. ६ चा ३ होतो. वर जागाही बदलतात. म्हणजे छत्तीस उलटा केला तरी छत्तीसच. तुमचा-माझा छत्तीसचा आकडा आहे असं मैनाताई म्हणते, तो आरशालाही सुटला नाही.

भाऊजी, तुम्ही जागसूद माणूस. गुडघा सुजला असतानाही गस्त चुकवली नाही. यंदा वनपाल होण्यासाठी तुमचं नाव वर गेलंय, आणि माझ्यामुळं तुम्ही अख्ख्या वऱ्हाडात घोरून राहिले.

तुमच्या घरचं मीठ खाल्लेला,
देवमन

ता.क. 'बालबोंड' रेंजरसाहेबांच्या बंगल्यावर जातं असं कळलं. पोस्टमन गाठता आला तर पाहा.

ता.क. अंक मुलांना फार आवडला. पुढची गोष्ट हवी म्हणतात. मी अट घातली की आता नाकेदार जागा राहील आणि वानरांना पकडेल. उत्तमरावांनी मानलं. फक्त टोपी मागून कशी दिसते ते आठवत नाही. तेव्हा चार दिवसांसाठी टोपी पाठवाल का? पट्टाही पाठवला तर बरं. खरं म्हणजे कोटच पाठवा.

ता.क. थांबा. दारात मैनाताई उभी आहे. एकटी, परतवाड्याच्या गाडीनं आली, हातात अंकाची गुंडाळी. रेंजरसाहेबांनी तुम्हाला बोलावून चित्र पुढं ठेवलं म्हणते. बिल्ला पाहिला, मग तुमचं कोपर पाहिलं, आणि म्हणाले, आपल्या खुशालरावचं ठिगळ डाव्या कोपराला आहे, हा दुसरा कोणी. तेवढं सांगून मात्र ती माझ्यावरच उखडली. "म्या डाव्याले लावलं, तू उजव्याले काऊन काढलं? क्वार्टरायची सारी लाइन म्हणते मैनानं दोन्ही कोपरं फाटू देली." तिनं पिशवीतून सुई-दोरा काढलाय आणि माझ्या सदऱ्याची बाही धरून विचारते आहे, "हे कोणतं कोपर होय, नीट सांग."