स्केलब्रिगचे मैदान आणि विल्फचे मोजे

मी, अमोस बॅराक्लफ, वय एकाहत्तर, लोकरीच्या गिरणीतून निवृत्त, राहणार वरची आळी, स्केलब्रिग, यॉर्कशायर, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि नशापाणी न करता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. उजवा खुबा डॉक्टरांनी नोव्हेंबरात नवा बसवला. बाकी सगळे, बुद्धी धरून, मूळचेच आहे.

१. माझे यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी घरामागचे मैदान एकट्या क्रिकेट क्लबला देऊन फुटबॉलवाल्यांना कायमचे हाकलले होते. ते लिहिताना मला फार बरे वाटले होते, हेही नोंदवून ठेवतो.

२. राहते घर माझा धाकटा भाऊ विल्फ याची मुलगी ग्वेंडा हिला द्यावे. ती उन्हाळ्यात यष्टिरक्षण करते, हिवाळ्यात गोल राखते, आणि एकवीस वर्षे आम्हा दोघा भावांचे निरोप इकडून तिकडे पोचवते. तिसऱ्या कामाबद्दल तिला कोणी कधी कप दिला नाही.

"काका, बाबा विचारतायत, फाटक कधी दुरुस्त करताय?"

"सांग त्याला, तुझ्या फुटबॉलच्या पोरांनी मोडलं, त्यांनीच बसवावं."

"अहो, समोरच तर उभे आहेत! तुम्हीच सांगा की."

तरीही मी तिच्याकडे बघूनच बोलत असे. विल्फही तसाच.

३. भिंतीवरची वडिलांची चौकट विल्फला द्यावी. तिच्यात आमच्याच मुलखातल्या विली वॉटसनची दोन चित्रे आहेत, एक पांढऱ्या कपड्यांत बॅट घेऊन, एक पायाशी चेंडू घेऊन. दोन्ही खेळांत तो इंग्लंडकडून खेळला. वडील म्हणत, खरा गडी तो, ज्याला मैदान बाराही महिने लागते. त्यांच्या तरुणपणी क्रिकेटचे सामान आत गेल्यावरच फुटबॉलचे बाहेर येई. आता ऑगस्टमध्ये आमच्या क्रिकेट सामन्यातले चहाचे टेबल मांडलेले असतानाच हे लोक गोलपोस्ट रोवायला येतात. विल्फच्या मते विली मुळात फुटबॉलवाला, क्रिकेट हा त्याचा फावल्या वेळातला उद्योग. त्रेपन्न साली लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियासमोर शतक ठोकून त्याने कसोटी वाचवली ती काय फावल्या वेळात? विल्फचे म्हणणे मी मेल्यावरही मान्य करणार नाही. पण चौकट त्याची. चित्रे वेगळी करू नयेत.

४. आता मैदान. अठ्ठ्याहत्तर सालच्या सप्टेंबरात रविवारी आमच्या क्रिकेट क्लबचा मोसमातला शेवटचा सामना होता. जिंकलो असतो तर लीगचा कप आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गावात आला असता. आदल्या दिवशी धो धो पाऊस. फुटबॉलच्या बाजूला तळे साचले, त्यांच्या पाहुण्या संघाची बस दारात उभी, आणि फुटबॉल क्लबचा चिटणीस या नात्याने विल्फने मैदानाच्या रेषा सरकवून सामना थेट आमच्या खेळपट्ट्यांवर खेळवला. बावीस जणांचे खिळ्यांचे बूट. रविवारी पंचांनी ती नांगरट पाहिली आणि टोपी घालून परत गेले. कप शेजारच्या क्लफ्टनला मिळाला.

मी विल्फला जाब विचारला. तो म्हणाला, "गवतच आहे रे, परत उगवेल."

त्या वाक्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. माझे चुकले असे मला आजही वाटत नाही.

मग हा हिवाळा आला. नवा खुबा घेऊन मी माडीवरच्या खिडकीत बसून होतो. जानेवारीतल्या एका शनिवारी चेंडू खेळपट्ट्यांभोवती आम्ही हिवाळ्यात बांधतो त्या दोरीवरून उडून मधोमध जाऊन पडला. पाहुण्यांचा एक पोरगा दोरी ओलांडायला निघाला, तोच विल्फ ओरडला. त्याचा आवाज बंद काचेतूनही येतो.

"ए! बूट घालून आत पाय ठेवशील तर तंगडं मोडीन! माझ्या भावाचं गवत आहे ते!"

मग अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने खाली वाकून स्वतःचे बूट काढले, आणि गारठलेल्या चिखलातून नुसत्या मोज्यांवर, एकेक पाऊल जपून टाकत चेंडू आणला. सगळे हसत होते. मी हसलो नाही. मला रडू आले. ग्वेंडाला विचारले तेव्हा कळले, बाबा हे वर्षानुवर्षे करतात. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत काका, आणि त्यांनी सांगू दिलं नाही."

म्हणून मैदान दोन्ही क्लबांना समाईक द्यावे. ते वाटू नये, विकू नये, त्यावर घरे बांधू नयेत.

५. खेळपट्टीवर फिरवायचा जड रोलर एकट्याने जागचा हलत नाही. दर एप्रिलच्या पहिल्या शनिवारी दोन्ही कप्तानांनी तो मिळून ओढावा. एकाने दांडी मारली तर त्या वर्षी दोघांचाही खेळ बंद.

६. क्लफ्टनकडचा कप त्यांच्याकडेच राहू द्यावा. निदान घासावा तरी. ईस्टरच्या जत्रेत पाहिला, तव्यासारखा काळा पडला आहे.

७. बँकेतल्या शिलकीतून मला मूठमाती द्यावी आणि उरेल त्याचे गवताचे बी आणावे.

८. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचून दाखवतात. मला हे मंजूर नाही. ऐकून विल्फ काय म्हणाला हे मला मग कळणार कसे? तिथवर निरोप पोचवायला ग्वेंडाला लावणे बरे दिसणार नाही. तेव्हा सह्या झाल्याबरोबर हे विल्फला वाचून दाखवावे. साक्षीदार म्हणून मला त्याचीच सही हवी होती, पण जो साक्ष करतो त्याला काही मिळत नाही, असा कायदा वकीलबाईंनी सांगितला. म्हणून तो सध्या बाहेर कठड्यावर बसला आहे. पाऊस भुरभुरतो आहे. साक्षीदारांनी जरा भराभर हात चालवावा.

लिहून देणार: अमोस बॅराक्लफ

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. डॉर्कस लम, शेजारीण
२. ह्यूबर्ट क्रॅबट्री, खाटीक

स्थळ: स्केलब्रिग. दिनांक: १७ एप्रिल १९९९.

सह्यांनंतरची ओळ, जिला वकीलबाईंच्या मते कायद्यात काडीची किंमत नाही: विल्फ आला. दारातच बूट काढले, मोज्यांवर आत येऊन बसला, शेवटपर्यंत ऐकले आणि बराच वेळ नाक पुसत राहिला. मग ग्वेंडाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "चहा मिळेल का रे, की तोही तू गेल्यावरच?"

आधण ठेवले आहे.