कडा न कापता

मी, गावात ‘आभाळवाली’ म्हणून ओळखली जाणारी, वय त्र्याहत्तर, धंदा फोटोग्राफी, अविवाहित, राहणार बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरील स्टुडिओचा वरचा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी फुप्फुसं थकली आहेत, डोकं शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कुणाचा दबाव नाही. यापूर्वी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रागाच्या भरात केलं म्हणून रद्द समजावं. राग आजही आहे, पण या वेळी तीन आठवडे विचार केला आहे.

कलम १. घर व खालचा स्टुडिओ माझ्या पश्चात भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, मिळावा. ती शाळेत शिक्षिका आहे आणि जिना चढून आल्यावर आधी खिडकी उघडते, एवढं मला पुरे. राहावं, विकावं, तिची मर्जी. फक्त कलम ५ मधलं काम होईपर्यंत डार्करूममधली एकही वस्तू हलवू नये.

कलम २. मोठा कॅमेरा, तिपाई आणि तिपाई वाऱ्याने पडू नये म्हणून खाली अडकवायची वाळूची पिशवी बोटींच्या मेकॅनिकला द्यावी. कॅमेऱ्याचं शटर त्याने इंजिनाची स्प्रिंग बसवून दोनदा जिवंत केलं. माझ्या सायकलच्या मागची पत्र्याची पेटी, जिच्यात हा कॅमेरा चाळीस वर्षं धक्क्यावर गेला-आला, तीही त्यानेच जोडली. आयुष्यात त्याने माझा एकच फोटो काढला, त्यात मला डोकं नाही. तरीही कॅमेरा त्यालाच.

कलम ३. वादळी आभाळाच्या निगेटिव्हच्या एकवीस पेट्या शाळेला. पोट लग्नाच्या आणि ओळखपत्राच्या फोटोंवर भरलं, जीव या पेट्यांत आहे. सगळे जण बोटी बांधून घरी पळायचे तेव्हा मी उलट दिशेने सायकल दामटायचे. विसाव्या पेटीतलं एक पाकीट मात्र काढून घ्यावं. त्याची व्यवस्था पुढे.

कलम ४. हे कलम कुणाला काही देत नाही, पण याशिवाय पुढचं कळणार नाही.

चौतीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात, दिवेलागणीला, मी धक्क्याच्या टोकावर उभी होते. ढगांची लांब फळी समुद्रावरून सरकत आली आणि दीपगृहाच्या अगदी डोक्यावर वीज फुटली. चार फोटो काढले. तिसरा साधला हे मला तिथेच कळलं, आयुष्यात असं एकदाच कळतं. भिजून न्यूमोनिया झाला, तीन आठवडे इस्पितळात होते. त्या काळात धाकट्याने माझा रोल धुतला, तिसऱ्या फोटोचा प्रिंट काढला आणि मोठ्या स्पर्धेला पाठवला. स्वतःच्या नावाने. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. पहिलं बक्षीस लागल्याचं सांगायला तोच माझ्या खाटेजवळ आला. म्हणाला, “ताई, रागावू नकोस. तू काय, आणखी काढशील.”

तेव्हा वडील हयात होते. त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी मान वर केली नाही. “त्याचं लग्न ठरतंय पोरी. आत्ता काही बोलू नकोस. नाव कुणाचंही लागो, स्टुडिओ आपलाच ना?” धाकट्याने केसाने गळा कापला, याहून वडील खाली बघत राहिले ते जास्त लागलं. मी गप्प बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

वडिलांची शिस्त होती की प्रिंट कुठेही जावो, निगेटिव्ह घराबाहेर जाता कामा नये. धाकट्याने चोरी केली तीही शिस्तीत. काम झाल्यावर निगेटिव्ह पुसून, पाकिटात घालून, पेटीत जागच्या जागी ठेवली. ती अजून तिथेच आहे.

दोन वर्षांनी नगरभवनात त्या फोटोचं अनावरण झालं. तोवर धाकटा मोठ्या शहरात मोठा माणूस झाला होता. समारंभाचे फोटो काढायचं काम कुणाला मिळालं? मला. पडदा सरकला, मी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि हात थांबला. दीपगृह डावीकडे! धक्क्यावर उभं राहिलं की ते उजवीकडे दिसतं. घाईत त्याने निगेटिव्ह उलटी घातली होती. मी आजारी होते तेव्हा डार्करूममध्ये त्याला टोकणारं कुणी नव्हतं, आणि वादळात तो धक्क्यावर कधी गेलाच नव्हता. खालचा उजवा कोपरा, म्हणजे सुलट फोटोतला डावा, तर त्याने कापूनच टाकला होता. तिथे कठड्याला टेकवलेली माझी सायकल होती.

शेजारी उभा असलेला मेकॅनिक कुजबुजला, “बाई, आपला दिवा पलीकडे कधी गेला?”

“गप. बघू कोण विचारतंय.”

कुणीही विचारलं नाही. रोज त्या दिव्यावर नजर ठेवून बोटी आत आणणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बत्तीस वर्षं मी समजत होते की लोकांचं लक्ष नाही. गेल्या महिन्यात मेकॅनिकनेच सांगून टाकलं, “बाई, बंदरावर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण गावाचं नाव होत होतं. कोण बोलणार?” ज्याला दिसतच नाही त्याच्यावर राग धरता येत नाही. यांना दिसत होतं. त्या दिवशी मी जेवले नाही.

कलम ५. तिसऱ्या फोटोची निगेटिव्ह मी धाकट्या भावाला देत आहे, एका कामापुरती. त्याने इथे यावं, आपल्या जुन्या डार्करूममध्ये स्वतःच्या हाताने चार फुटी प्रिंट काढावा, निगेटिव्हची निस्तेज बाजू खाली ठेवून, म्हणजे दीपगृह उजवीकडे येईल, आणि एकही कडा न कापता. काम होईपर्यंत भाचीने दाराबाहेर बसावं. नगरभवनातला फोटो उतरवून हा लावावा. निगेटिव्ह परत पेटीत ठेवावी, ते त्याला सांगायला नको. तीन महिन्यांत हे झालं नाही, तर भाचीने नगरभवनात उभं राहून कलम ४ मोठ्याने वाचावं.

बाळ, तुझ्या बाबांबद्दल तुला माझ्याकडून, तेही असं कळावं, याचं मला फार वाईट वाटतं. तू विचारायचीस, “आत्या, बाबांनी हा फोटो कुठे उभं राहून काढला?” आणि मी विषय बदलायचे. तुझ्याशी खोटं वागणारी मीही एक झाले. ते मला सोबत न्यायचं नाही.

कलम ६. नव्या फोटोखाली कुणाच्याही नावाची पाटी लावू नये. माझ्याही नाही. डाव्या कोपऱ्यात पेटीवाली सायकल दिसेल. बंदरावर ती सगळे ओळखतात.

ठिकाण: स्टुडिओचा वरचा मजला, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: नऊ ऑक्टोबर, सकाळचे अकरा. आभाळ निरभ्र, फोटोच्या कामाचं नाही.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार १. (सही) डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. सही करताना माझ्या पेनला नावं ठेवली.

साक्षीदार २. (सही) बोटींचा मेकॅनिक. सगळं वाचून पाहिलं. त्या संध्याकाळी बाईंना सायकलवरून धक्क्याकडे जाताना मी पाहिलं होतं. दुसरं कुणी गेलं नव्हतं. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं.