दिशाची चूक

॥ श्री ॥
पेण, २० ऑगस्ट १९९५

चि. नम्रतास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा सोडवलेला पेपर पोचला. मार्चमध्ये इंग्रजीत आपटलीस, पण अक्षर मात्र झोकात! अगं बयो, ‘माय सिस्टर, हू लिव्ह इन रोहा’ हे काय? ‘हू’ला स्वतःचं एकवचन-अनेकवचन नसतं. त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघायचं. बहीण एकच, म्हणून ‘लिव्ह्ज’.

माझी दिशाही हटकून इथेच चुकायची. शेवटचा एस आधी बरोबर लिहायची नि मग खोडायची. तूही अगदी तसाच खोडलायस. मामीला म्हटलं, आपली पोर कुठे गेलेली नाही. गेल्या वर्षी धरमतरला होडी उलटली, एवढंच ना? खाडीत शोधणाऱ्यांना काही सापडलं का? मामी रडत उठून गेली.

सोबत नवे प्रश्न आहेत. सवडीनं सोडव. मामावर माया असू दे.

तुझा पुंडलिकमामा


रोहा, २८ ऑगस्ट

ती. मामांस नम्रताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आई ‘झोकात’ला हसली, मी नाही! ऑक्टोबरात पुन्हा आपटले तर काय, या विचारानं घास उतरत नाही.

मामा, रागावू नका. नियम मला आता पाठ आहे. तरी ‘हू’ आलं की हात थबकतो. सुट्टीत तुमच्याकडे आम्ही दोघी एकाच सतरंजीवर बसायचो, ती चुकायची आणि मी तिचं बघून चुकायचे. आता शेजारून कुणी वाकून बघतंय असं वाटतं आणि एस खोडला जातो. मला भीती वाटते हो. तुम्हाला त्यात आनंद होतो हे वाचून जास्तच वाटली.

पेपर जोडला आहे. मामींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्या.

आपली नम्रता


पेण, ६ सप्टेंबर

नम्रते, मामीचा आशीर्वाद. चौथी शिकलेली हाय, वाकडंतिकडं समजून घे.

तुजा पेपर आला की मामा दिशाच्या पाटाशी ठेवतात. तिचं ताट वाढायला लावतात. चूक दिसली की हसतात, म्हणतात, बघ, लिवलंन तिनं. मी काय करू गो?

देह गावला नाय तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, ही आपली रीत. त्याबिगर जीव सुटत नाय. सर्वपित्रीच्या आधी उरकू म्हणून भटजी दोनदा आले, मामांनी पायरीवरनंच परत धाडले. आणि पोर माझ्या सपनात दारात उभी राहते. केस ओले. आत येत नाय नि जात नाय.

तूच तिला सोडव गो बाय. एक पेपर असा लिव की त्यात तिचं कायबी नसंल. मी लिवलंय ते मामांना सांगू नको. मामीला इसरू नको.

कृष्णाबाई


रोहा, १३ सप्टेंबर

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

सोबत पेपर. या वेळीही ती शेजारी वाकली. मी मोठ्यानं सांगितलं की हा माझा पेपर आहे, दिशा, तू सरक. आई स्वयंपाकघरातून धावत आली. मग मला फार रडू आलं. आणखी काही लिहवत नाही. माझा राग धरू नका.

आपली नम्रता


पेण, १८ सप्टेंबर

चि. नम्रतास अनेक आशीर्वाद.

पेपर तपासला. लाल पेनाला जागाच ठेवली नाहीस. आधी तुझा भयंकर राग आला, लपवत नाही. कागद उजेडाकडे धरून पाहिला, कुठे खरवडल्याची खूण दिसते का. काही नाही. सगळं तुझंच. मग पाटाकडे बघितलं तर ताटातला भात गार झालेला, वर माश्या. रोज मामी तो मुकाट्यानं कावळ्यांना घालत होती, मला दिसलंच नव्हतं.

काल भटजींकडे मी स्वतः जाऊन आलो. शुक्रवारी पुतळा करायचा आहे. मामी त्याला दिशाची निळी ओढणी घालणार आहे. तू येऊ नकोस, अभ्यास कर. आता तुला कुणी अडवत नाही.

पोरी, तुला पैकीच्या पैकी मार्क दिले, आणि त्याच पेपरवर डोकं टेकून दिशासाठी पहिल्यांदा रडलो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा