मामांनी ओतलेली अकरा हजार पेले कॉफी

इर्बिद, मंगळवार

आदरणीय अबू मुतलक मामांना भाची रुबाचा सलाम, आणि हाताला माझे ओठ लागले असं समजा. तुमचा गुडघा कसा आहे? मामीच्या मेंढ्या, केरकचं वारं, शेजारच्या हाजींचं घोरणं, सगळं ठीक ना? आम्ही सुखरूप आहोत. फक्त आई रोज विचारते, शुक्रवारी अबू मुतलक काय बोलणार? ऐहमकडची मंडळी मला मागणी घालायला येताहेत, आपल्या घराकडून उत्तर तुम्ही द्यायचंय, आणि तुम्ही माझ्यावर चिडला आहात. चिडायला कारण आहे, पण ते तुम्हाला नातलगांनी अर्धवट सांगितलंय (अर्धवट सांगण्यात आपल्या घराण्याचा हात कोण धरणार), म्हणून पूर्ण ऐका.

माझ्या विद्यापीठात आम्ही संगणकातल्या यंत्रांना वागायला शिकवतो. त्यांना एजंट म्हणतात, आणि मठ्ठपणात ती आपल्या पोस्टमास्तर चुलत्यांनाही मागे टाकतील. त्यांना खऱ्या घरात कोण घेणार? म्हणून संगणकातच खोटं घर बांधायचं, आणि जगभरच्या लोकांसाठी एका सामाईक फळीवर ठेवून द्यायचं. कोणीही नुसतं नाव टाकलं की घर त्याच्याकडे उघडतं, तयार, गाद्यागिरद्यांसकट. बाकीच्यांनी गोदामं ठेवली होती, भुलभुलैये ठेवले होते. मी तुमची बैठक ठेवली. (विचारायला हवं होतं, मान्य. पण तुम्ही नाही म्हटलं असतं तर ठेवणार कोणाची? धाकट्या मामांकडे कॉफी थर्मासमधून येते.) तिथे तुम्हीही आहात, डाव्या हातात कॉफीचा लांब चोचीचा पितळी दल्ला, उजव्यात पेला, ओतण्याआधीच्या खोकल्यासकट. पाहुण्याच्या जागी यंत्र बसतं आणि पाहुणा कसा असावा ते शिकतं.

चूक एवढीच झाली की पुरे झाल्यावर पेला हलवायचा, हे मी सूचनांत लिहिलंच नाही. हे काय लिहून ठेवायचं असतं? जेवताना तोंड उघडा, असं लिहितो का कोणी? पण आठवड्यात तक्रारींचा पाऊस. सोलहून एकाने विचारलं, हा पाहुणचार संपतो कधी? लिस्बनच्या एका बाईंच्या यंत्राने अकरा हजार पेले रिचवले आणि तरी तुम्ही ओतताय. बाईंनी कळवलं, म्हातारबाबांत बिघाड आहे. झालं! केरकपर्यंत बातमी पोचली की रुबाने मामांना परदेशी यंत्रांचा वाढपी केला. अहो, वाढपी कसले? अकरा हजार पेल्यांत तुमच्या कपाळाला एक आठी पडली नाही. मला तर अभिमान वाटला.

त्या सगळ्या ढिगात एकच शहाणा निघाला. त्याने लिहिलं होतं, "बिघाड काही नाही, पेला हलवा. आणि ही बैठक ज्यांची आहे, त्यांना माझा सलाम सांगा." तो अजलूनचा ऐहम. सलाम मी तेव्हा पोचवला नाही, कारण तुम्ही विचारलं असतं, हा कोण? आता पोचवते आहे.

तुमच्या रागापुढे मान खाली घालणारी,
रुबा

ता. क. तुम्ही म्हणालात तर बैठक आज फळीवरून उतरवते. लिस्बनच्या बाईंना वाईट वाटेल, पण वाटू दे.

ता. क. दोन. खरं तर ऐहमने त्या बैठकीला स्वतःची भर घातली आहे. मागणीचा प्रसंग. त्याचे आजोबा कॉफी न पिता पेला खाली ठेवतात, आणि तुमचा होकार येईपर्यंत उचलत नाहीत. बैठकीतल्या मामांचा हट्ट किती आकड्यावर ठेवायचा, असं त्याने विचारलं, आणि घरात ऐकलेलं सगळं आठवून मी आकडा दिला. एक्केचाळीस वेळा बसला बिचारा. दर वेळी आजोबांच्या तोंडी नवं बोलणं घातलं. दर वेळी तुम्ही छताकडे पाहिलंत आणि कॉफी गार झाली. मग त्याने फोनवर विचारलं, "मामा खरंच असे आहेत का गं?" मी म्हटलं, छे.

ता. क. तीन. बेचाळिसाव्या वेळी तुम्ही लगेच म्हणालात, "प्या कॉफी, मुलगी तुमचीच." तो रडला, मामा. त्याला वाटतंय, शेवटी आपल्याला बोलायला जमलं. हट्टाचा आकडा मीच गुपचूप खाली आणला होता. शुक्रवारी मला तुमच्या आकड्याला हात लावता येणार नाही.